ग्रुपवरची आजी

वाढदिवसाला फिफीनं, माझ्या नातवानं, अक्राहून मोबाइल पाठवला. मी इकडे घानाच्या किनाऱ्यावर, सॉल्टपाँडच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. अर्ध्या गावाचे कान मी पिळलेत. "जमतंय ना, आजी?" त्यानं विचारलं. "न जमायला काय झालं?" मी म्हटलं. जमत काहीच नव्हतं. वाजला की हिरव्या खुणेवर बोट घासायचं, एवढंच यायचं. बाकी वेळ तो फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचे.

एके दिवशी फिफीचा फोन आला. "आजी, कसली गोष्ट सांगितलीस काल घरच्या ग्रुपवर! बायको हसून हसून लोळली. दिवस भरत आलेत तिचे, जरा जपून!"

मी कसलीच गोष्ट सांगितली नव्हती. पण तसं म्हणायचं म्हणजे मोबाइल येत नाही हे कबूल करायचं. "आवडली ना? मग झालं," मी म्हणाले. शरमेनं कान तापले.

मग हे रोजचंच झालं. चर्चमध्ये भाची गळ्यात पडायची, "मावशी, तुझा आवाज ऐकल्याशिवाय झोपच येत नाही गं." समुद्रात बुडालेल्या माझ्या भावाची हकीकतही ग्रुपवर सांगून झाली. ती मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितली नव्हती. भ्याले, पण तोंड उघडलं नाही. कौतुक गोड लागत होतं, खोटं कशाला बोलू? लाज वाटते सांगायला.

फिफीला मुलगी झाली. आठव्या दिवशी पहाटे बाळाच्या जिभेला पाणी लावून नाव ठेवायचं. ते आमच्या घरात सगळ्यात वडीलधाऱ्या बाईच्या तोंडून यायचं. म्हणजे माझ्या. गुडघ्यांमुळे प्रवास होईना, म्हणून मी फोनवरून सांगणार होते. मनात माझ्या आईचं नाव होतं, मेन्सिमा.

आदल्या दुपारी फिफीचा फोन. "मिळालं गं नाव, आजी. पण हे कुणाचं? आपल्यात असं कुणी नव्हतं." त्यानं ते उच्चारलं. मी ते जन्मात ऐकलं नव्हतं. तरी अंगावर काटा आला.

"ते ठेवू नकोस! मी नाही पाठवलं!"

"आवाज तुटतोय, आजी. ग्रुपवर बोल." फोन बंद.

शेजारी एको राहतो, निवृत्त पोस्टमास्तर, लहानपणी माझ्याच वर्गात शिकलेला. त्याच्याकडे जाऊन सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे अराबा, इतके दिवस तुला ओ की ठो कळत नव्हतं?" तो खो खो हसला. "आणि आम्हाला ढ म्हणायचीस! हे बघ, इथं दाबून धर आणि बोल."

मी दाबून धरलं.

"फिफी, मी तुझी आजी. मला हा मोबाइल वापरता येत नाही. लाजेपायी खोटं बोलले. ती बाई मी नव्हे. ते नाव ठेवू नका रे. मेन्सिमा ठेवा."

गेलं.

लगेच उत्तरं आली. एको वाचून दाखवू लागला. "ही कोण?" "आजीचा आवाज नाही हा." मग फिफीचं: "बाई, माझ्या आजीचा फोन तुमच्याकडे कसा?"

पाठोपाठ एक आवाज आला. माझाच. खाकरण्यापासून सगळं माझं.

"ओरडू नका रे तिच्यावर. म्हातारी आहे बिचारी. एकटी असते."

एकोचं हसू थांबलं. त्यानं मोबाइल मांडीवर ठेवला, खुर्ची जराशी मागे घेतली.

"बाई," तो अदबीनं म्हणाला, "तुम्ही कुणाकडे आलात?"