रुमालातल्या किल्ल्या

मी डावखुरा आहे. लहानपणी त्यावरून खूप बोलणी खाल्ली. धंद्यात मात्र त्याचा फायदाच झाला, कारण माझ्या हातची किल्ली मी हजारांत ओळखतो. माझी कानस उलट्या बाजूने चालते, त्यामुळे दातांवरचे ओरखडेही उलटे झुकतात. नव्या किल्ल्या मशिनवर कोणीही कापतं. जुन्या गाड्यांच्या किल्ल्या मी हातानेच कापतो, आणि एकही गिऱ्हाईक आजवर तक्रार घेऊन परत आलेलं नाही.

त्या ताई दुकानात आल्या तेव्हा काम साधं वाटलं. वडिलांची जुनी गाडी, दोन दारं, दोन्हीची लॉक बदलायची.

"लॉक तीच ठेवतो, आतली रचना बदलतो," मी म्हटलं. "जुन्या किल्ल्या चालणार नाहीत."

"तेच हवंय. आणि नवी किल्ली एकच करा. ती माझ्याकडे राहील."

ताईंचे वडील गेल्या वर्षी गेले. तेव्हापासून आई रोज दुपारी गाडीत जाऊन बसायची. काचा बंद, दारं आतून बंद. त्यांची वाट बघतेय, म्हणायची. काच उघडली तर त्यांना सर्दी होते, असंही म्हणायची. आदल्या आठवड्यात उकाड्याने ती आतच बेशुद्ध पडली होती. ताईंनी घरातल्या किल्ल्या लपवल्या, तर आईकडे दुसऱ्या निघाल्या. "गाडी विकून टाकायची तर ती हाय खाईल. आणि मला बाजारात जायचीसुद्धा भीती वाटते हो," ताई म्हणाल्या.

मला त्यांची दया आली. दुसऱ्याच दिवशी गेलो.

गाडी घरामागच्या शेडमध्ये होती. गडद हिरवी, गोल बोनेटची. आत जुन्या रेक्झिनचा वास. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटला एका माणसाच्या बसण्याचा खळगा पडला होता. ताईंच्या आई, मावशी, खुर्ची टाकून समोर बसल्या आणि माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

लॉकच्या पोटात लहान लहान पितळी पट्ट्या असतात. त्यांचा क्रम बदलला की किल्ली बदलते. मी जुन्या पट्ट्या काढल्या, मनाला येईल तशा नव्या बसवल्या, त्यानुसार किल्ली कापली. दोन्ही दारं सुरेख उघडली.

"झालं?" मावशींनी विचारलं. "मग आता ही लागेल."

त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि एक काळपटलेली किल्ली पुढे केली. मी हसून ती दारात घातली.

ती फिरली.

"लग्नानंतर यांनी दिली," मावशी म्हणाल्या. "कशालाच लागायची नाही. आत्ता नाही लागणार, जपून ठेव, म्हणाले होते."

ताई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दादा, तुम्ही आईला परस्पर किल्ली दिलीत?"

"अहो, इथेच तर बसलोय मी तुमच्या डोळ्यांसमोर!"

योगायोग असणार. पट्ट्या मोजक्या, त्यांचे प्रकार मोजके, दोन गाड्यांच्या किल्ल्या कधीमधी जुळतातही. हे मी ताईंना समजावलं आणि ते खरंही आहे. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. किल्लीच्या दातांवरचे ओरखडे उलटे झुकलेले होते. मावशींच्या लग्नानंतर म्हणजे मी तेव्हा चड्डी सावरत शाळेत जात असेन.

मी दोन्ही लॉक पुन्हा उघडली. पट्ट्यांचा डबा ताईंसमोर धरला. "डोळे मिटा आणि हाताला येतील त्या काढा." त्यांनी काढल्या, त्याच क्रमाने मी बसवल्या.

मावशींनी रुमालातून दुसरी किल्ली काढली.

तीही लागली. तिच्यावरही माझाच हात.

आता मी इरेला पेटलो. रुमाल मागून घेतला आणि झटकला. आत काही नव्हतं. दोन्ही काळ्या किल्ल्या पक्कडीने मोडल्या, ताईंनी पुन्हा डोळे मिटून पट्ट्या काढल्या, तिसऱ्यांदा दोन्ही लॉक बांधली. एक किल्ली कापली आणि त्यांच्या मुठीत दिली.

"आता बिनधास्त बाहेर जा," मी छाती ठोकून सांगितलं. "दुसरी किल्ली या जगात नाही."

मावशी रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. रिकाम्या रुमालाची त्यांनी नीट घडी घातली.

"मग शेवटचीच राहिली," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डाव्या हाताकडे बघून हसल्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुकान बंद होतं. सकाळी डोक्यावरून अंघोळ केली, जेवलो, आडवा झालो. मेल्यासारखी झोप लागली. फोनने उठवलं. ताईंचा आवाज ओळखू येत नव्हता. एवढंच कळलं की लगेच या.

चपला घालत होतो तर बायको म्हणाली, "परत? आत्ताच तर दुकानातून आलात."

तिला भलतंच काहीतरी वाटलं असेल, असं समजून मी थांबलो नाही.

शेडचं दार सताड उघडं. भाजीची पिशवी वाटेतच पडलेली, कांदे गडगडत गेलेले. ताई गाडीपाशी जमिनीवर बसल्या होत्या. गाडी त्यांनी स्वतःच्या किल्लीने उघडली होती, पण उशीर झाला होता.

मावशी शेजारच्या सीटवर ताठ बसलेल्या होत्या. काचा बंद. ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली, उंच माणसाला लागते तशी.

"तुमच्या भरवशावर गेले होते मी," ताई म्हणाल्या. "म्हणालात ना, दुसरी नाही म्हणून?"

त्यांनी आईची मूठ उघडून मला दाखवली.

किल्ली नवी कोरी होती. तिच्यावरचा पितळेचा भुगासुद्धा अजून झटकलेला नव्हता. दात सुबक, ओरखडे उलटे. इतकं चोख काम मला आजवर जमलं नव्हतं.

ती घ्यायला मी डावा हात पुढे केला. नखांत पिवळा भुगा होता.