परवानगी असेल तरच

तो दुकानात शिरला तो काचेच्या दारावर कपाळ आपटूनच.

"दार आहे तिथे," ती आतून म्हणाली.

"आत्ताच ओळख झाली," तो कपाळ चोळत म्हणाला.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्याच्या हातात चष्म्याचे दोन तुकडे होते. पलीकडच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हा माणूस स्वतःच्याच चष्म्यावर बसला होता. बाबा गेल्यापासून ती चष्म्याचं दुकान एकटी सांभाळत होती. तिने त्याला स्टुलावर बसवलं, डोळ्यांवर चौकट चढवली, भिंग बदललं.

"आता बरं दिसतंय की आधी?"

"आधी काय होतं?"

"आधी दार होतं."

तो मोकळेपणाने हसला. तेवढ्यात काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर जाहिरात उमटली – 'रुग्णांसाठी आरामदायी खाट. अजून विचार करताय?' तिने न बघताच पडदा भिंतीकडे वळवला. हाताला सवय झाली होती.

"रोज असाच फिरवता?" त्याने हळूच विचारलं.

ती भिंग पुसत राहिली. मग म्हणाली, "बाबांनी आजार माझ्यापासून लपवला. ब्राउझरमध्ये मात्र सगळं विचारत होते... म्हणजे मुलीच्या आधी त्या कंपनीला कळलं. आणि कळून तिने काय केलं? खाट विकायला काढली."

"मग ब्राउझर बदला ना."

"बदला म्हणे!" बाकावर पेपर वाचत बसलेले काका, बाबांचे धाकटे भाऊ, फणकारले. "सगळं जग तेच वापरतंय. एक थेंब कमी झाला म्हणून समुद्राला काय फरक पडतो गं?"

"समुद्राला नाही पडत, काका. थेंबाला पडतो."

बोलून तर गेली, पण मन अडखळलं. तिने पडदा पुन्हा सरळ केला आणि 'कृ' एवढंच टाइप केलं. खाली बाबांच्या जुन्या शोधाची ओळ उलगडली – 'कृपया सांगा, काचेवरचे ओरखडे कसे काढावेत. धन्यवाद.'

"बाबा यंत्रालासुद्धा धन्यवाद म्हणायचे," ती म्हणाली. "ब्राउझर बदलला तर... हे जाईल?"

चौकटीतून त्याचे डोळे भिंगामागे मोठाले दिसत होते. चेष्टा मात्र त्यात नव्हती.

"नाही जाणार. या ओळी नव्या ब्राउझरमध्ये आणता येतात. मग त्या तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतील. कंपनीच्या खात्यातून पुसायचं ते सगळ्यात शेवटी, आणि ते बटण तुम्हीच दाबायचं. मी नाही."

"विचार करते," ती म्हणाली.

नवा चष्मा घेऊन तो गेला आणि चारच दिवसांत परतला. काडीचा स्क्रू सैल झाला होता. तिने आवळून दिला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या काडीचा. काका पेपराआडून खाकरले. तिसऱ्या खेपेला तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, "बसा. आज बदलूया."

नवा ब्राउझर आला. बाबांच्या ओळी त्यात उतरायला लागल्या, तेव्हा दोघंही श्वास रोखून बघत होते. मग तिने 'कृ' टाइप केलं. या वेळी वर आली ती ओळ तिने कधी पाहिलीच नव्हती –

'कृपया एखादा चांगला विनोद सांगा. मुलगी हल्ली हसत नाही. धन्यवाद.'

ती हसली. मग बराच वेळ भिंग पुसायच्या कापडाने डोळे पुसत राहिली. तो खिडकीबाहेरचा पाऊस बघत उभा होता, अगदी मन लावून.

"आता पुसायचं," ती म्हणाली.

जुन्या खात्याने विचारलं – खात्री आहे? तिने 'हो' म्हटलं. खात्याने पुन्हा विचारलं – नक्की?

"दोन-दोनदा विचारतंय," तो म्हणाला.

"घेताना एकदाही विचारलं नव्हतं," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

काकांनी पेपर खाली ठेवला. "माझ्या फोनमध्येही बसवता येतं का हो ते?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

तो जायला निघाला तेव्हा तिने हात पुढे केला. "चष्मा द्या बघू." स्क्रू उजेडात धरला. स्क्रूच्या डोक्यावर ताजे ओरखडे होते. "हे स्क्रू आपोआप सैल होत नाहीत. स्क्रूड्रायव्हर लागतो... तुमच्याकडे असेलच."

तो कानापर्यंत लाल झाला. "कारण लागत होतं."

"पुढच्या वेळी कारण आणू नका. नुसते या."

चष्म्याविना डोळे बारीक करून तो तिचा चेहरा शोधत होता. मग म्हणाला, "एक विचारू? नीट बघायचंय तुम्हाला. परवानगी असेल तरच."

तिने चष्मा स्वतःच्या हाताने त्याच्या नाकावर ठेवला.

"आहे परवानगी," ती म्हणाली. "पण वाटेल तेव्हा मागे घेईन."

"कबूल... नक्की?"

"एकदाच विचारायचं असतं," ती म्हणाली. आणि नजर मात्र वळवली नाही.