मधल्या खुर्चीपर्यंत न पोचलेला आवाज

शर्वाणीला हत्ती ऐकू आला आणि रेडेकर सरांना आला नाही. दोघं एकाच खोलीत बसले होते, एकाच वेळी, त्याच स्पीकरमधून येणारा तोच आवाज ऐकत होते. तरीही असं झालं.

आंबेखोल हे आजऱ्याच्या डोंगरातलं लहानसं गाव. त्या काळात जंगलातल्या झाडांवर उन्हावर चालणारे छोटे माईक बसवलेले असत आणि ते रानातला आवाज गावात पाठवत. संगणक त्यातले संशयास्पद तुकडे वेगळे काढून द्यायचा. पण हत्तीचा घुमारा (हत्ती दुरून एकमेकांना हाक मारतात तो खोल, घशातला आवाज) आणि लांबच्या ट्रॅक्टरची घरघर यांतला फरक त्याला अजून नीट कळत नव्हता. म्हणून शाळेच्या जुन्या सामानखोलीचं श्रवणकेंद्र झालं होतं. रोज संध्याकाळी एक मोठं माणूस आणि एक शिकवून तयार केलेलं मूल तिथे बसून ते तुकडे ऐकायचे. आधी हेडफोन होते, पण मुलांचे कान दुखायला लागले म्हणून स्पीकर आले. दोघांचा होकार पडला की भोंगा वाजायचा आणि दिव्यांचे ड्रोन रानाच्या कडेला जाऊन हत्तींना परत वळवायचे.

त्या संध्याकाळी सर नेहमीसारखे खोलीच्या मधोमध खुर्चीत होते आणि शर्वाणी कोपऱ्यातल्या स्टुलावर. तिला घुमारा स्पष्ट आला, पाठीमागची भिंत थरथरावी तसा. सरांनी तोच तुकडा पुन्हा लावला आणि नकारार्थी मान हलवली. ती तिसऱ्यांदा "आहे" म्हणाली तेव्हा त्यांनी यंत्र बंद केलं.

"ज्याला नसलेलं ऐकू येतं, त्याला इथे बसवता येत नाही," ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

भोंगा वाजला नाही. पहाटे कळप उतरला. शेजारच्या दादूमामांची केळीची बाग तुडवली गेली, गोठ्याची भिंत त्यांच्या अंगावर पडली आणि त्यांचा पाय मोडला.

दुसऱ्या दिवशी केंद्र चालवणाऱ्या गावच्या समितीच्या बैठकीत सरांनी शर्वाणीचं नावही घेतलं नाही. स्पीकर कमी ताकदीचे आहेत, एवढंच ते बोलले. मग कोल्हापूरच्या एका दुकानातला विक्रेता यंत्रमानव आला. छातीवरच्या पडद्यावर हसू मिरवत त्याने पुरुषभर उंचीच्या दोन स्पीकरांची चित्रं दाखवली आणि वॅटचे आकडे वाचून दाखवले. केंद्राचा वर्षाचा सगळा निधी त्या एका जोडीत संपणार होता. तरी माना डोलत होत्या. ठरवायला पुढच्या रविवारपर्यंत मुदत होती.

शर्वाणी तिथून निघाली ती थेट आजोबांच्या परड्यात आली. डॉ. शिंत्रे, म्हणजे तिच्या आईचे वडील, समुद्रातल्या आवाजाचे शास्त्रज्ञ होते. जहाजांवर राहून पाण्याखालचे आवाज मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते गुरांच्या टाकीत पाणी भरत होते. तिने झालेलं सगळं सांगितलं. शेवटी शब्द संपले तेव्हा तिने बादली उचलली आणि टाकीच्या एका टोकाला पाण्यावर आपटली. मग पुन्हा, पुन्हा. आजोबांनी तिला थांबवलं नाही. काही वेळाने पाणी तिच्या फटक्यांच्या तालावर हेलकावू लागलं. एका टोकाला चढायचं तेव्हा दुसऱ्या टोकाला उतरायचं आणि काठावरून सांडायचं.

आजोबांनी फणसाचं एक पान तोडून टाकीच्या बरोबर मध्ये सोडलं.

"आता मार," ते म्हणाले, "आणि पानाकडे बघ."

ती बघत राहिली. दोन्ही टोकांना पाणी वीतभर वरखाली होत होतं. मधलं पान पुढे-मागे सरकत होतं, पण वर चढत नव्हतं आणि खाली उतरत नव्हतं. ती चिडून आणखी जोरात मारू लागली. टोकाचं पाणी उसळून तिच्या तोंडावर आलं. पान मात्र होतं त्याच उंचीवर राहिलं.

आजोबांनी मग सावकाश समजावलं. लाट भिंतीवर आपटून परत येते. जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळतात. टाकीची लांबी लाटेच्या लांबीच्या बरोबर निम्मी असेल, तर स्थिर तरंग (पुढे न जाता जागच्या जागी डोलणारी लाट) तयार होतो. त्यात टोकांना चढउतार सगळ्यात जास्त आणि मध्ये जवळजवळ शून्य. हवेतही असंच घडतं. तिथे पाण्याच्या उंचीऐवजी हवेचा दाब वाढतो आणि कमी होतो, आणि आपला कान तो दाबच ऐकतो.

शर्वाणीच्या हातातली बादली खाली आली. श्रवणकेंद्राची खोली किती लांब आहे, एवढंच तिने विचारलं. आजोबांनाही ते माहीत नव्हतं. दोघं टेप घेऊन गेले. खोली चौरस निघाली, एका भिंतीपासून दुसरीपर्यंत सुमारे तीन मीटर चाळीस सेंटिमीटर.

गणित तिनेच केलं. आवाज हवेत एका सेकंदात साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. हत्तीच्या घुमाऱ्याचा बराचसा भाग माणसाला ऐकू न येण्याइतका खोल असतो. जो कानाला कळतो, त्याची या तुकड्यातली वारंवारता (एका सेकंदातली कंपनं) संगणकाच्या नोंदीत पन्नासच्या आसपास होती. तीनशे चाळीस भागिले पन्नास म्हणजे सहा पूर्णांक आठ मीटर, ही एका लाटेची लांबी. तिची निम्मी तीन पूर्णांक चार. बरोबर खोलीएवढी. आणि खोली चौरस असल्यामुळे लांबी आणि रुंदी, दोन्हींचा शांत पट्टा एकाच जागी येत होता. तिथेच सरांची खुर्ची होती.

ती खुर्चीकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं की कारण कळलं की राग उतरेल. तो उलट वाढला. सरांनी उठून फक्त चार पावलं टाकली असती, तिच्या स्टुलापाशी एकदा येऊन ऐकलं असतं, तर दादूमामा आज पायावर उभे असते.

आजोबाही त्या यंत्रमानवावर भडकले होते. त्याने खोलीची मापं विचारलीच नव्हती. मोठे स्पीकर आणले तर कोपरे जास्त घुमतील, त्यात पक्ष्यांचे आवाजही बुडतील, आणि मधल्या खुर्चीतला हत्ती तितकाच हरवलेला राहील, असं ते पुटपुटत होते. दोघांनी त्या आठवड्यात वेगवेगळे स्पीकर लावून पुष्कळ ऐकलं. शेवटी त्यांनी तालुक्याच्या दुकानातली एक साधी, पुस्तकाच्या कपाटात मावेल एवढी स्पीकरची जोडी मागून आणली. तिचा खोका चारी बाजूंनी बंद होता. मागे भोक असलेल्या खोक्यातून काही खोल सूर फुगून येतात आणि त्याखालचे एकदम नाहीसे होतात. बंद खोक्यात खोल सूर हळूहळू, बेताने कमी होतो आणि लहान खोलीच्या भिंती त्याची थोडी भरपाई करतात. पन्नास कंपनांचा सूर ही जोडी धडपणे काढते की नाही, हे त्यांनी आधी तपासलं. मग स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, कानाच्या उंचीच्या स्टुलांवर ठेवले. खुर्ची मधून उचलून मागच्या भिंतीपासून खोलीच्या एक-तृतीयांशावर आणली. समोर जवळ बसलं की स्पीकरचा सरळ आवाज आधी आणि जास्त येतो, भिंतींवरून उसळलेला कमी. बाजूच्या भिंतींवर कापसाच्या जाड गाद्या टांगल्या. घुमाऱ्याएवढी लांब लाट गादीला जुमानत नाही, पण पक्ष्यांचे, पानांचे आवाज मोकळे झाले.

रविवारी समिती जमली. शर्वाणीने आधी जुनाच स्पीकर जुन्या जागी लावला. खुर्ची पुन्हा मधोमध ठेवली आणि सरांना बसायला सांगितलं. त्या संध्याकाळचा तोच तुकडा सुरू झाला. सर नाही म्हणाले. मग तिने त्यांना कोपऱ्यात बोलावलं.

सर स्टुलापाशी गेले आणि थबकले. पुन्हा मध्ये आले, पुन्हा कोपऱ्यात गेले. यंत्रमानवाने मोठ्या जोडीने हा प्रश्न सुटेल असं सांगायला सुरुवात केली, तेव्हा आजोबांनी त्याला विचारलं, शून्याची दुप्पट किती. तो शून्य म्हणाला.

मग तिने छोटी जोडी लावली. नव्या जागच्या खुर्चीत घुमारा पोचला. मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. त्याच्या मागे एका पिल्लाचा बारीक चीत्कारही होता, तो आजवर कोणालाच ऐकू आला नव्हता.



"शर्वाणी, तुला खरंच ऐकू आलं होतं," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "मी उठून बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

"मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "दादूमामांना सांगा."

तिने नजर खाली केली नाही. सर त्यांच्याकडे गेले. किती वेळ बसले, काय बोलले, ते दोघांनाच माहीत. छोटी जोडी घेऊन उरलेल्या निधीतून समितीने गोठ्याची भिंत बांधून दिली. शर्वाणी केंद्रात परत बसू लागली आणि तिथे नवा नियम झाला. दोघांचं मत जुळलं नाही तर आधी जागा बदलून ऐकायचं आणि तरीही जुळलं नाही तर भोंगा वाजवायचाच.

पावसाळा सरता सरता कळप पुन्हा आला. शर्वाणीने खुर्चीतून आणि सरांनी स्टुलावरून एकदमच हात वर केला. ड्रोनचे दिवे रानाच्या कडेला जाऊन थांबले. ड्रोनच्या कॅमेऱ्यातून केंद्रातल्या पडद्यावर दिसलं, मोठे हत्ती थोडे घोटाळले, मग पिल्लाला मध्ये घेऊन ओढ्याच्या अंगाने वर निघून गेले. केळीच्या एका पानालाही धक्का लागला नाही.

शर्वाणीचा सरांवरचा राग अजून पुरता गेलेला नव्हता आणि तिने तो लपवलाही नाही. त्याच आठवड्यात तिला कळलं की डोंगरापलीकडच्या केंद्रांतही सगळीकडे खुर्ची मधोमधच आहे आणि तिथे तो हसरा यंत्रमानव फिरतो आहे. ती तशीच उठली, आजोबांना गाडी काढायला सांगितली आणि टेप दप्तरात टाकून रेडेकर सरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चला सर," ती म्हणाली, "तिथल्या सरांना खुर्चीतून उठवायचंय."