तोंडाशी काढलेल्या चपला

हे खरं घडलेलं आहे. कोणाला थापा वाटत असतील तर वाटोत, बाप्पा. मला काय बक्षीस मिळणार आहे? ज्याच्यावर हे बेतलं तो देवराव माझ्या आईचा सख्खा मामा. नागपुरात वाडीला एका खोलीत राहायचा. पुढं त्या खोलीचं दार त्यानं कधी लावलं नाही. थंडीतही नाही.

साल चौऱ्याहत्तर. रविवार. भिवापूरच्या पलीकडचं डोंगरातलं जंगल.

रात्र नव्हे हं... भर दुपार.

देवराव आणि नत्थू वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात हमाल होते. एका ताटात जेवणारे. नत्थूच्या डोक्यात एकच खूळ होतं. त्या डोंगरात कोणे एके काळी सोन्यासाठी पोखरलेल्या खाणी ओस पडल्या आहेत म्हणे. कणभर सोनं मिळालं तरी बायकोच्या, कौसल्येच्या, नाकात सोन्याचा खडा चढवायचा.

पायथ्याशी दादाजी नावाचा म्हातारा गुरं चारत होता. त्यानं आधीच बजावलं.

"खानीच्या एका भोकात गाय पडून मेली, म्हनून गावचे लोक आज भोकं बुजवून राहिले. आत जासान त चपला तोंडाशी काढजा. टोकं आतल्या अंगाले. चपला दिसल्या म्हंजे मानूस आत हाय. मंग कोनी दगड टाकत नाही."

भोक अरुंद होतं. एकानंच सरपटत जावं एवढं. नत्थूनं चपला काढल्या. टायरच्या, अंगठा तुटला म्हणून सुतळीनं बांधलेल्या. बॅटरी दातात धरून तो आत गेला.

बाहेर बसल्या बसल्या देवरावला चेष्टा सुचली. नत्थू बाहेर येईल, चपला शोधेल, काट्यांतून नाचत शिव्या घालेल... त्याला आत्ताच हसू फुटलं. चपला पिशवीत टाकून तो खाली मोहाच्या झाडामागे लपला.

सावली गार होती. आठवड्याची हमाली अंगात होती.

डोळा लागला.

जाग आली ती दगडांच्या आवाजानं...

तो धावत वर गेला. भोक दिसेना. तिथं दगडमातीचा ढीग होता, आणि गावची माणसं पहारी खांद्यावर टाकून निघाली होती.

"आत कोनी नवतं ना गा?" त्यानं विचारलं.

"चपला कुठी होत्या? आवाजबी देला आमी. कोनी बोललं नाही."

पिशवी देवरावच्या खांद्यालाच होती.

एक शब्द बोलायचा होता. पण बोललो तर या पहारी आपल्याच डोक्यात पडतील, असं त्याला वाटलं. माणसं उतरून गेली. मग त्यानं ढिगाला कान लावला.

आतून... ठक्. ठक्.

नखं तुटेस्तोवर त्यानं दगड उपसले. एक धोंडा काही केल्या हलेना. गावातून माणसं आणावीत म्हणून तो पळत खाली आला. रस्त्यावर नागपूरची एसटी उभी होती.

तो एसटीत चढला.

आई ही गोष्ट सांगताना दर वेळी इथं उठून चुलीकडे जायची.

"तो त माह्याआंधीच निंगाला, वयनी," त्यानं कौसल्येला सांगितलं. "आला नाही काय?"

त्याच संध्याकाळी चपला त्यानं अमरावती रोडवरच्या एका ट्रकच्या मालात फेकल्या. ट्रक निघून गेला. सुटलो, असं वाटलं त्याला.

सकाळी दार उघडलं...

उंबऱ्याबाहेर चपला. सुतळी बांधलेल्या. टोकं आत.

खोलीत तांबड्या मातीची अनवाणी पावलं होती. आत गेलेली. बाहेर आलेली एकही नाही.

त्यानं चपला नाल्यात टाकल्या. जाळल्या. सकाळी पुन्हा तिथंच. दार लावलं की भिंतीतून ठक् ठक् सुरू व्हायचं. दार उघडलं की बंद.

कौसल्या बिचारी दारोदार विचारत फिरत होती. एक दिवस ती वाडीला आली. आज सांगायचंच, म्हणून देवरावनं तोंड उघडलं...

तिची नजर उंबऱ्याकडे गेली. ती मटकन खाली बसली आणि चपला पदरानं पुसायला लागली. हसत होती. रडत होती.

"बाई बाई! ह्या त त्यायच्याच! सुतळी म्याच बांधून देली होती. आत हायेत ना ते? काहून लपवून राहिले, भाऊजी?"



"अवो... या ना बाहेर," तिनं आत हाक मारली.

खोलीत कोणी नव्हतं.

मग त्यानं सगळं सांगितलं. हुंदके देत, तिच्या पायांवर डोकं ठेवून. तिनं चपला होत्या तशा ठेवल्या, टोकं आत.

"आता तरी हालवू नका," एवढंच म्हणाली. पुन्हा कधी त्याच्या दारात आली नाही.

तिच्या सांगण्यावरून डोंगराखालच्या गावकऱ्यांनी ढीग उपसला. आत बॅटरी सापडली.

नत्थू नाही.

अठ्ठ्याऐंशीला देवरावमामा गेला. मी आणि आई खोली रिकामी करायला गेलो. भांडी, अंथरूण, सगळं काढलं. चपलांना हात लावला नाही. कुलूप लावायला आईचा हात उठेना. शेवटी घरमालकानं वैतागून लावलं.

तो वळला आणि दारामागून...

ठक्. ठक्.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

आणि आम्ही दोघं गुपचूप रिक्षात बसलो.