'सोडा' म्हणायचं राहिलं

नवी पेठेच्या मागच्या बोळात आमचं स्कॅन सेंटर आहे. तिथलं एमआरआय मशीन मी चालवतो. आत झोपलेला माणूस जरा हलला, नुसता श्वास घेतला, तरी चित्रात पोटाशेजारी पोटाचीच फिकट सावली उमटते. आम्ही तिला भूत म्हणतो. भूत आलं की स्कॅन परत. म्हणून माइकवर ओरडायचं: श्वास घ्या, धरा, सोडा. दिवसभर तेच.

मार्चमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं. मशीनने थोडंसंच टिपायचं, उरलेलं सॉफ्टवेअरने भरायचं, भुतंही त्यानेच पुसायची. बघता बघता स्कॅन उरकतो. चाचणीसाठी मीच आत झोपलो. काचेपलीकडे माझी सहकारी उत्कर्षा बसली होती. हेडफोनमध्ये 'श्वास धरा' ऐकू आलं, मी धरला, आणि टेबल बाहेर आलंसुद्धा. चित्र इतकं स्वच्छ, की मालकांनी ते मोठं करून भिंतीवर लावलं.

वाचलेला वेळ आमच्या वाट्याला कुठला यायला! पेशंट दुप्पट झाले. तेव्हापासून मी जो थकलोय, तो थकलोच. झोपून उठलं तरी अंग शिणलेलंच. डब्यातल्या शेंगाचटणीचा वासही येईनासा झाला. म्हटलं, सोलापूरचा उन्हाळा कुणाला सोडतो?

गेल्या आठवड्यात, भर दुपारी, सांगोल्याकडच्या बजाबाई नवऱ्याला घेऊन परत आल्या. कोंडीबांच्या पोटाचा स्कॅन मीच केला होता. रिपोर्ट चांगला होता.

"आता काय होतंय?" मी वैतागूनच विचारलं. बाहेर बाकं भरली होती.

"काय न्हाय, तेच तर," बजाबाई म्हणाल्या. "जेवत्यात, बोलत्यात. पन लई दमल्यात. भाकरी करपली तरी यास्नी वास न्हाय. अन् छातीवर हात ठिवला, तर हलतच न्हाय की."

मी हसण्यावारी नेणार होतो. पण कोंडीबांच्या सदऱ्याकडे नजर गेली आणि तिथेच राहिली. बटणं जागची हलत नव्हती.

"बाबा, श्वास घेताय ना?"

"तुमीच म्हनला की, धरा," ते मवाळपणे म्हणाले. "सोडा म्हनलाच न्हाय."

खरं होतं. नव्या स्कॅनला श्वास धरावा लागतच नाही. जुन्या सवयीने 'धरा' तोंडून गेलं होतं, आणि 'सोडा' म्हणायच्या आत स्कॅन संपला होता.

मग तेवढंच म्हटलं, "सोडा, बाबा."

त्यांनी सोडला. लांबच लांब, संपेचना. मग छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. तोंडावर रंग आला.

"भूक लागली गं," ते म्हणाले. बजाबाईंना रडू फुटलं.

दोघं घरी गेली. मी भिंतीवरच्या माझ्या चित्राकडे पाहिलं. शर्टावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

मी घाबरलो. इतका कधीच घाबरलो नव्हतो.

उत्कर्षाला हाक मारली, हेडफोन लावले आणि टेबलावर आडवा झालो. "नुसतं 'सोडा' म्हण. हसू नकोस."

मशीनची चिक्-चिक् चालू होती.

"सोडा, सर."

काही झालं नाही.

"परत म्हण. चाचणीच्या दिवशी 'धरा' म्हणाली होतीस ना, तसंच."

काचेपलीकडे तिने माइककडे पाहिलं.

"सर, त्या दिवशी मी काहीच बोलले नव्हते. माइक बंद होता."

आता रोज जेवणाच्या सुट्टीत मी आत जाऊन पडतो, हेडफोन लावून. ज्याने धरायला सांगितलं, तो कधीतरी 'सोडा' म्हणेल.