सतराव्या पेटीतलं पान

"माझ्या आईचं पान गेलं," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि मगच खुर्चीवर बसल्या.

रेणुकाने पंख्याचा वेग कमी केला. बारा वर्षं न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काढून तिने नल्लकुंट्यात खाजगी तपासाचं हे ऑफिस उघडलं होतं. तिचा मावसभाऊ उदय टिपणं घ्यायला पेन शोधत होता.

"कसलं पान?"

"त्रेपन्न सालचं. काचीगुड्याला रेल्वे मजुरांच्या बायकांसाठी वर्ग काढायचा ठराव माझ्या आईनं मांडला, मालनबाईनं. जागा आमचीच खोली. वडिलांनी, उत्तमरावांनी, ते सगळे कागद जपले. एकतीस पेट्या. मी त्या मराठी ग्रंथालयाला दिल्या." त्यांनी दम घेतला. "त्या वर्गाची आता शाळा झालीय. स्मरणिका निघतीय. संस्थापक म्हणून ती काढणाऱ्या गिरीशच्या आजोबांचं नाव. पान दाखवा, बदलतो म्हणाला. मागच्या महिन्यात मी सतराव्या पेटीत डोळ्यांनी बघितलं. परवा गेले तर नाही. उद्या दुपारी बाराला मजकूर छापायला जाणार."

"फोटो काढला नाहीत?" उदयने विचारलं.

"माझ्या फोनला बटणं आहेत, बाबा."

"पान तिथे आहे हे कुणाकुणाला सांगितलंत?" रेणुका म्हणाली.

"कुणाला नाही सांगितलं ते विचारा."

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर जुन्या कागदांचा विभाग होता. तो सांभाळणारी प्रियदर्शिनी तिशीची होती आणि रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

"पानांची यादी नाही," तिने आधीच सांगून टाकलं. "पेट्यांची आहे, गठ्ठ्यांची आहे. कागद आले तसेच ठेवायचे, हात कमीत कमी लावायचा. एकेक पान नोंदत बसले असते तर एकतीस पेट्यांना पाच वर्षं लागली असती. चार महिन्यांत वाचकांना खुल्या केल्या. पण गठ्ठ्यात किती पानं होती, ते मला सांगता येत नाही."

उदयने रेणुकाकडे अर्थपूर्ण पाहिलं.

वाचकांच्या वहीनुसार त्या महिन्याभरात सतरावी पेटी पंचफुलाबाईंनंतर तिघांनी उघडली होती: प्रियदर्शिनीने स्वतः, गिरीशने आणि निवृत्त ग्रंथसूचीकार बाळकृष्णांनी.

रेणुकाने पेटी उघडली. प्रत्येक गठ्ठ्याच्या कोपऱ्यात गंजलेली टाचणी होती, कागदावर तपकिरी डाग उतरलेला. पाचवा गठ्ठा मात्र पांढऱ्याशुभ्र सुती फितीने बांधला होता. कोपऱ्यात गंजाचा डाग होता, टाचणीची दोन भोकं होती, टाचणी नव्हती. भोकांच्या कडा जराही फाटलेल्या नव्हत्या.

"हे तुम्ही बांधलंत?"

"नाही. टाचण्या काढायच्या नाहीत हा माझाच नियम. एकेकीला दोन मिनिटं लागतात." तिचं लक्ष फितीकडे गेलं. "ही मी आत्ता पाहतेय."

जिना उतरताना उदय कुजबुजला, "हीच, ताई. यादीच ठेवली नाही की चोरी सोपी."

"बघू."

गिरीश जामबागेत शाळेच्या ऑफिसात भेटला. रेणुकाचं कार्ड हातात घेऊन तो अडखळला. "खा… जगी… त… तपास. सॉरी मॅडम, इंग्लिश मीडियम. बोलतो फर्स्ट क्लास, वाचताना गाडी थांबते. हातानं लिहिलेलं तर नक्कोच."

"मग सतराव्या पेटीत काय पाहिलंत?"

"आजोबांचे फोटो."

"स्मरणिकेचं मराठी कोण तपासतं?"

"बाळकृष्णकाका."

"पान मिळालं तर?"

"छापतो की." तो खिडकीबाहेर पाहू लागला. "घरी आजी चार दिवस जेवणार नाही, ते वेगळं."

"यालाच फायदा," स्कूटर सुरू करताना उदय म्हणाला.

बाळकृष्ण ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, कार्डांच्या लाकडी कपाटाशेजारी बसले होते. चाळीस वर्षं नोकरी, वर निवृत्तीनंतरची आठ. रोज सकाळी दहाला हजर. रेणुकाने पंचफुलाबाईंचा जबाब पुढे केला. दोन पानं, स्टेपल केलेली. वाचण्याआधी त्यांनी नखाने स्टेपल सोडवली आणि काडेपेटीत टाकली.

"लोखंड कागद खातं," ते म्हणाले. मग जबाब वाचला. "मी समितीला लेखी कळवलं होतं, एक दिवस काहीतरी जाईल. पानाची नोंद नाही म्हणजे ते दप्तर नव्हे, गोदाम."

"पेटी कशासाठी पाहिलीत?"

"स्मरणिकेतल्या तारखा ताडायला." बोलता बोलता त्यांनी कोऱ्या कार्डावर रेणुकाचं नाव आणि तारीख लिहिली, कार्ड डब्यात उभं केलं. "सवय. इथे आलेलं काही नोंदीशिवाय राहत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला रेणुकाने सगळ्यांना तळमजल्यावर बोलावलं.

"हस्तलिखितांच्या गठ्ठ्यांतून नेमकं एक पान काढायचं तर ती वाचावी लागतात," ती म्हणाली. "गिरीशना ते जमणारं नाही."

"कुणाकडून वाचून घेतलं असेल," उदय म्हणाला.

"शक्य आहे. पण घाईतल्या माणसाने टाचणी उपटली असती, कोपरा फाटला असता. इथे ती मुरलेल्या हाताने काढली आहे. आणि खरा प्रश्न पुढचा. पान घेतल्यावर टाचणी परत खोचली असती तर कुणालाच काही दिसलं नसतं. प्रियदर्शिनी टाचण्यांना हातच लावत नाहीत, गंजक्या टाचणीने त्यांचं काही अडलं नसतं. जुन्या कागदात ती पुन्हा खुपसणं कुणाला जमलं नाही?"

प्रियदर्शिनीने मान वळवली. बाळकृष्ण चष्मा पुसत होते.

"हा तर्क झाला," ते म्हणाले. "पुरावा?"

"तो तुम्हीच लिहून ठेवला असणार."

रेणुकाने कपाटाचा 'म'चा खण ओढला. कार्डं मागे सारत गेली, थांबली, आणि एक वाचलं. "मालनबाई. वर्गाचा ठराव, १९५३. एक पान, कोपऱ्यात गंज. कपाट चार, पाकीट अकरा."

प्रियदर्शिनीनेच जाऊन पाकीट आणलं. पान आत होतं, पातळ कागदात गुंडाळलेलं.

"तुम्हाला ते लपवता आलं, काका. नोंदीशिवाय ठेवता आलं नाही."

"फाडणार नव्हतो," बाळकृष्ण म्हणाले. "एक पान हरवलं की समिती ही बिननोंदीची पद्धत बंद करील, एवढंच. महिन्याभरात सापडलं म्हणून दिलं असतं."

"छापून झाल्यावर?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

बाळकृष्ण हलक्या आवाजात म्हणाले, "तुमच्या आईचं नाव मी नीट लिहिलंय, बाई."

"हो. कपाटात."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. गिरीशने प्रेसला फोन लावला. "भाई, पहिलं पान रोको. हौ, नाव बदलतंय." त्याने पानाकडे पाहिलं, ते पंचफुलाबाईंपुढे सरकवलं आणि फोन हातात धरून बसला. "तुम्ही वाचा, काकू. मी टाइप करतो. हळू वाचा."

पंचफुलाबाईंनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. वाचायला त्यांना वर्गाच्या त्या खोलीतच शिकवलं होतं, आईने.