आज खुश कोण?

त्या रविवारी मी नेहमीसारखी फाट्यावर पेपर आणायला गेले. महाडहून पहिली एसटी येते, तिच्यात ड्रायव्हरच्या मागे आमच्या तुडील गावाचे पेपर ठेवलेले असतात. आमच्या घरी पेपर रोज येत नाही. मुंबईत घोड्यांची रेस असेल त्या दिवशीच येतो.

माझे सासरे, आबा, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर साईस होते. घोड्याचा चारा, मालिश, आंघोळ, फिरवणं, सगळं साईसाकडे. तरुणपणी गेले ते केस पिकल्यावरच गावी परतले. आता त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, चालताही येत नाही. खाट सावित्री नदीच्या बाजूच्या खिडकीला लावून घेतली आहे. रेसच्या सकाळी मी शेजारी बसून घोड्यांची नावं वाचते आणि कोण पुढे येईल ते आबा सांगतात. पैसे लावत नाहीत आणि कुणाला लावू देत नाहीत. शेजारचे महादूभाऊ मुंबईत टॅक्सी चालवून आलेले. ते तेवढ्यासाठी चहाला येतात.

"जिंकणार" हा शब्द मात्र आबांसमोर काढायचा नाही. साईस लोकांची ती रीत. घोड्याच्या नाकाखाली तळहात धरायचा, त्याचा श्वास हातावर घ्यायचा आणि म्हणायचं, "हा आज खुश हाय." बस.

आबा इथे हात खिडकीबाहेर धरतात. मी एकेक नाव वाचते. एखाद्या नावाला बाहेर धुक्यात हलकेच फुर्रर्र असा आवाज होतो आणि आबा म्हणतात, "हा." मला वाटायचं, नदीवरचा वारा असेल. एकदा त्यांचा हात पुसायला घेतला तर तळवा ओला होता. दवाचा गारवा नव्हता त्याला, चांगला कोमट होता. भिजवलेल्या चण्यांचा आणि घामाचा वास येत होता.

"आबा, कोण असतं बाहेर?" मी विचारलं होतं.

"चिमणी," ते म्हणाले. "माझी घोडी."

रेसच्या पुस्तकात तिचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, आबा तिला चिमणी म्हणायचे. एका रेसमध्ये शेवटच्या वळणावर तिचा पाय मोडला. अशा घोड्याला पुन्हा उठवत नाहीत. चार माणसं पडदा धरतात आणि डॉक्टर कायमच्या झोपेची सुई देतो. पडद्याच्या आत आबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट.

आम्ही बौद्ध माणसं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. भूतखेत मानायचं नाही हे मला शाळेच्या आधीपासून शिकवलेलं. मी मानतही नाही. पण तो हात मी पुसला आहे.

तर त्या रविवारी महादूभाऊ लवकरच आले. कारण चौथ्या रेसमध्ये आमचा बुद्धरत्न पहिल्यांदा घोड्यावर बसणार होता. माझा एकुलता एक. आबांच्याच तबेल्यात शेण काढायला लागला आणि तिथून जॉकी झाला.

"वैनी, आज घरचाच घोडा!" महादूभाऊ बशीत चहा ओतत म्हणाले. "आबा, आज नातवाला खुश म्हणा, नायतर सूनबाई साखर बंद करेल."

"तू आधी गप बस रे. गाडीला हॉर्न असतो तसा सकाळी सकाळी वाजतोस."

मी वाचायला लागले. पहिल्या रेसला कॉपर बेलवर फुर्रर्र झालं. आबा म्हणाले, "घोडी हलकी हाय, पाठीवरचं वजन पण उतरवलंय तिचं. खुश हाय." दुसऱ्या रेसला महादूभाऊंनी लास्ट लँटर्नचं नाव घेतलं.

"त्याला लांब पल्ला लागतो," आबा म्हणाले. "बाराशे मीटरात त्याची झोप उडेपर्यंत रेस संपते."

तिसरीलाही सगळं नेहमीसारखं झालं. मग चौथी. मी पाच नावं वाचली. बाहेर काहीच आवाज नाही. सहावं वाचताना माझा आवाज जरा चढलाच असेल. "सॉल्ट विंड. जॉकी, बुद्धरत्न."

बाहेर जमिनीवर खूर आपटला.

एकदाच. मग पुन्हा. बशीतला चहा हलला.

"कुणाची म्हैस सुटली काय..." महादूभाऊ खिडकीशी गेले, वाकून बघितलं आणि परत येऊन बसले. बाहेर नुसतं धुकं होतं.

आबांनी हात झटकन आत ओढला. "उज्वला... रत्नाला फोन लाव गो."

रेसच्या दिवशी जॉकींचे फोन जमा करून घेतात. त्याच्या आत रत्ना सापडला. मी स्पीकर चालू करून फोन आबांच्या कानाशी धरला.

"रत्ना, बसू नको रे त्याच्यावर."

"आबा, मी चारी पाय हातानं बघितले. थंड हायत, सूज नाय. डॉक्टरनी पण बघितला."

"तरी नको."

"पहिलाच घोडा नाकारला तर दुसरा कोण देईल मला? घाबरला म्हणतील... आई, तू सांग ना त्यांना."

येऊ दे परत, नको ती रेस, असंच मनात होतं. पण पोराच्या आवाजात जे होतं ते मोडायचं कसं? मी एवढंच म्हटलं, "बाळा, आबांचं ऐक."

आबांनी हात पुन्हा खिडकीबाहेर धरला. मग म्हणाले, "बरं, बस. पण एक कर. शेवटच्या वळणाला कठड्याच्या बाजूनं जागा सोड. एक घोडा मावेल एवढी."

"आबा, आतली जागा कोण सोडतं? सगळे तिथंच घुसायला बघतात."

"सोड म्हणतो ना."

फोन बंद झाला. आबा खिडकीकडे वळले. तान्ह्या लेकराशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "जा गो बाय. इथं माझ्याजवळ आता काय हाय... जा त्याच्याकडं."

टापा ऐकू आल्या. आधी हळू, मग नदीच्या काठाने लांब लांब जात... मग काहीच नाही. महादूभाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. त्यांनीही ऐकलं होतं.

दुपारी त्यांच्याच मोबाइलवर आम्ही रेस बघितली. शेवटच्या वळणावर सॉल्ट विंडचा पुढचा पाय लचकला. त्याची मान खाली गेली आणि माझा रत्ना कठड्याकडे कलला. मागून सगळे घोडे येत होते. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. तो पडला नाही. घोडाही पडला नाही. भिंतीला टेकावं तसे दोघे तिरपेच थोडं अंतर आले, मग सरळ झाले. त्याच्या आणि कठड्याच्या मध्ये मोकळी जागा होती. त्या जागेत कुणीच नव्हतं.

"शेवटून पहिला आला आपला पोरगा," महादूभाऊ म्हणाले आणि टॉवेलने डोळे पुसायला लागले.

संध्याकाळी रत्नाचा फोन आला. घोड्याचा पाय बरा होईल म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आई, मी पडलोच होतो. पण आतल्या बाजूला कुणीतरी होतं. माझ्या पायाला गरम अंग लागत होतं. वळून बघितलं तर... कठडा. आणि माझी विजार त्या बाजूनं घामानं भिजलेली."

आबांनी फोन मागून घेतला.

"रत्ना... लंगडत होती का रे?"

"कोण, आबा?"

"सांग ना. पाय ओढत होती का?"

"नाय आबा. सरळ पळत होती. चांगल्या टापा पडत होत्या."

आबांनी फोन माझ्याकडे दिला आणि तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. मी दिवा लावायला आत गेले, म्हणजे त्यांना मोकळं रडता यावं.

त्यानंतर चिमणी आमच्या खिडकीशी आली नाही. आबा हात बाहेर धरायचे, तळवा कोरडाच राहायचा. "पोराजवळ राहिली, बरं झालं," म्हणायचे. पण जेवण कमी झालं.

मार्चमध्ये, सीझन संपत आलेला, पेपर घेऊन घरी येत होते तेवढ्यात वाटेतच रत्नाचा फोन आला. "आई, आबा बरे हायत ना?"

"बरे हायत. झोपलेत. का रे?"

"काय नाय. पहाटे गवताच्या ट्रॅकवर घोडे काढले तेव्हा कुणीतरी शीळ घालत चालत होतं. दिसलं नाय कुणी. जुने साईस म्हणतात, ही शीळ सोमाची."

सोमा म्हणजे आमचे आबा.

मी झपझप घरी आले. आबा झोपले होते, श्वास नीट चालू होता, चेहऱ्यावर हसू. पांघरूण पायावरून सरकलं होतं. सारखं करायला वाकले आणि थांबले. आबांच्या पायांचे तळवे ओले होते. त्यांना गवताची पाती चिकटली होती, कोवळी, हिरवीगार. आमच्याकडे तेव्हा डोंगर पिवळा पडलेला असतो. अंगणात तर नुसता फुफाटा.

मी पदर भिजवून आणला आणि एकेक पाय मांडीवर घेऊन पुसायला लागले. आबांनी डोळे उघडले नाहीत.

"हळू गो," ते पुटपुटले. "आत्ताच येऊन टेकलोय."